तुकडा तपासायला दिला का?



गेल्या महिन्यात एका वाचक भगिनीचा फोन आला. त्यांच्या पतीच्या मानेवरची गाठ काढली होती. गाठ तपासायला गेली, रिपोर्ट आला, आणि रिपोर्टच्या शेवटी एक ओळ होती: आयएचसी करावी. डॉक्टरांनी सांगितले की आणखी काही हजार रुपये लागतील आणि आठ-दहा दिवस थांबावे लागेल. त्या विचारत होत्या, "आपा, एकदा तपासलं ना? मग परत कशाला? पैसे काढायचा धंदा तर नाही हा?"

हाच प्रश्न काही वर्षांपूर्वी आमच्या घरात विचारला गेला होता. तेव्हा माझ्याकडेही उत्तर नव्हते. मी डॉक्टर नाही. शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. पण मामूंच्या आजारात मला हे सगळे समजून घ्यावे लागले. एका पॅथॉलॉजिस्ट बाईंनी वेळ काढून समजावले, नंतर मी वाचून खात्री करून घेतली. ते आज तुमच्यासमोर मांडते.

मामू एसटीत कंडक्टर होते. निवृत्तीनंतर गावी राहायचे. शेतावर एक चक्कर, पाच वेळा मशीद, दुपारी पेपर, असा त्यांचा दिवस. वय एकाहत्तर. एके दिवशी मुमानी त्यांच्या डोक्याला तेल लावत होत्या, तेव्हा टोपीखाली झाकल्या जाणाऱ्या जागी एक जांभळट डाग दिसला. रुपयाच्या नाण्याएवढा. मामू म्हणाले, "टक्कर लगी होगी." न्हाणीघराची चौकट बुटकी, तिथे सगळ्यांचेच डोके आपटते. त्यामुळे सगळ्यांना ते पटले.

पण मुका मार लागून पडलेला डाग आधी हिरवट होतो, मग पिवळट होतो आणि दोन-तीन आठवड्यांत जातो. हा गेला नाही. पसरला, मधे फुगला आणि सकाळी उशीवर रक्ताचे ठिपके दिसू लागले. जवळच्या एका दवाखान्यात दाखवले. रक्त साकळले आहे म्हणून त्यांनी चीर दिली, आतले काढले, पट्टी बांधली. जे काढले ते तपासायला पाठवले नाही. आम्हीही विचारले नाही. अशा तऱ्हेने दोन महिने गेले. जखम भरेना, आणि शेजारी दुसरा डाग उठला.

मग शहरातल्या मोठ्या रुग्णालयात नेले. तिथे तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्टचा अर्थ असा होता: पेशी कर्करोगाच्या आहेत, पण त्या शरीरातल्या कुठल्या प्रकारच्या पेशींपासून झाल्या ते एवढ्यावरून सांगता येत नाही, आयएचसी करावी.

त्या रात्री घरात बैठक बसली. मामेभाऊ म्हणाला, "कॅन्सर आहे हे कळलं. आता इलाज सुरू करू, दिवस कशाला घालवायचे?" मुमानींनी तर सरळच विचारले, "अब और कायको टेस्ट?" त्यांचे चुकत नव्हते. दोन महिने आधीच वाया गेले होते. थांबायचे की लगेच औषध सुरू करायचे, हे ठरवायचे होते. शेवटी मी आणि भाऊ, दोघे पॅथॉलॉजिस्ट बाईंना भेटायला गेलो.

त्यांनी आधी साधी तपासणी कशी होते ते सांगितले. काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, म्हणजे तो सडत नाही. मग त्यातले पाणी काढून तो मेणात बसवतात. त्या मेणाच्या ठोकळ्याला ब्लॉक म्हणतात. ब्लॉकवरून तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढतात. आपल्या एका केसाच्या जाडीत असे वीसेक काप बसतील. ते काचपट्टीवर घेऊन दोन रंग देतात. पेशीच्या मधले केंद्रक निळे-जांभळे दिसते, बाकीचा भाग गुलाबी. पेशींचा आकार आणि मांडणी पाहून पॅथॉलॉजिस्ट आजाराचे नाव सांगतात. बहुतेक वेळा एवढे पुरते.

पण काही कर्करोगांत पेशी इतक्या बिघडतात की मूळची ओळख राहत नाही. मामूंच्या काचपट्टीवर तीन शक्यता होत्या. एक, त्वचेच्या वरच्या थरातला कर्करोग. दोन, त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा मेलानोमा. तीन, रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातून उठणारा अँजिओसार्कोमा. हा तिसरा फार क्वचित आढळतो, पण म्हाताऱ्या माणसांच्या टाळूवर आणि चेहऱ्यावर तो मुका मार लागल्यासारखाच दिसतो.

"तिन्ही कॅन्सरच आहेत," बाई म्हणाल्या, "पण तिघांचं औषध एक नाही. नाव न कळता औषध दिलं तर त्रास सगळा होईल, गुण येईलच असं नाही."

भावाने विचारले, "मग नाव कसं कळणार?"

हे मला माझ्या वर्गावरून लगेच समजले. जूनमध्ये नवीन मुले येतात. गणवेश सारखा, दप्तर सारखे, सगळी गप्प बसलेली. कोण कुठले ते पाहून कळत नाही. पण मूल बोलू लागले की बोलीवरून ओळखता येते, हे कोकणातले, हे मराठवाड्यातले. पेशीचेही तसेच आहे. चेहरा बिघडला तरी ती आपल्या मूळ घराण्यातली काही प्रथिने बनवत राहते. ती प्रथिने शोधली की पेशीचे घर सापडते. रक्तवाहिनीच्या अस्तराची अशी एक जुनी खूण म्हणजे रक्त गोठायला मदत करणारे एक प्रथिन. त्याचे नाव व्हॉन विलेब्रँड फॅक्टर.

या प्रथिनाची गोष्ट एका लहान मुलीपासून सुरू होते. फिनलंड आणि स्वीडन यांच्यामधल्या समुद्रात आलँड नावाची बेटे आहेत. तिथली पाच वर्षांची एक मुलगी १९२४ साली हेलसिंकीला डॉक्टर एरिक व्हॉन विलेब्रँड यांच्याकडे आली. तिचे रक्त थांबत नसे, आणि तिच्या काही बहिणी रक्तस्रावानेच लहानपणी गेल्या होत्या. हिमोफिलिया हा रक्त न थांबण्याचा आजार तेव्हा माहीत होता, पण तो मुख्यतः मुलग्यांना होतो. इथे मुलीही आजारी होत्या. हा वेगळा आजार आहे हे डॉक्टरांनी ओळखले आणि १९२६ मध्ये त्यावर लेख लिहिला. आजाराला पुढे त्यांचेच नाव मिळाले. ती मुलगी मात्र तेराव्या वर्षी पाळीतल्या रक्तस्रावाने गेली.

माता-भगिनींनो, इथे थोडे थांबून एक गोष्ट सांगते. जन्मजात रक्तस्रावाच्या आजारांत हाच आजार सर्वांत जास्त आढळतो. घरातल्या मुलीला पाळीत फार रक्त जात असेल, आठ-आठ दिवस थांबत नसेल, नाकातून किंवा हिरड्यांतून वारंवार रक्त येत असेल, तर "आमच्याकडे सगळ्यांना असंच होतं" म्हणून सोडून देऊ नका. सगळ्यांना होत असेल तर ते आजाराचेच लक्षण असू शकते. डॉक्टरांना सांगा. रक्त तपासून कळते आणि त्यावर औषध आहे.

आता मूळ विषयाकडे येऊ. हे प्रथिन काय करते? रक्तवाहिनी कापली गेली की ते जखमेच्या काठाला चिकटते आणि वाहत्या रक्तातल्या प्लेटलेट पकडून तिथे बसवते. दुसरे काम असे की रक्त गोठवणाऱ्या फॅक्टर-आठ या दुसऱ्या प्रथिनाला ते रक्तात सोबत घेऊन फिरते आणि सांभाळते. ही दोन प्रथिने एकमेकांना इतकी बिलगून असतात की बरीच वर्षे शास्त्रज्ञांनाही ती वेगळी करता आली नाहीत. १९७१ मध्ये अमेरिकेत झिमरमन, रॅट्नॉफ आणि पॉवेल यांनी सशाच्या शरीरात तयार केलेली प्रतिपिंडे वापरून पाहिले. हिमोफिलियाच्या रुग्णांत ते प्रथिन नेहमीइतके सापडले, आणि व्हॉन विलेब्रँडच्या रुग्णांत कमी. सशाची प्रतिपिंडे ज्याला पकडत होती ते फॅक्टर-आठ नव्हतेच, त्याचे सोबती प्रथिन होते. तोवर नाव मात्र पडून गेले होते: फॅक्टर-आठशी संबंधित अँटिजेन. जुन्या रिपोर्टांत आजही ते नाव दिसते. दोन्ही नावे दिसली तर गोंधळू नका. वस्तू एकच आहे.

हे प्रथिन बनते कुठे? १९७३ मध्ये न्यूयॉर्कला एरिक जाफी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळंतपणानंतर टाकून दिल्या जाणाऱ्या नाळेच्या शिरेतून अस्तराच्या पेशी काढल्या आणि त्या काचेच्या भांड्यात वाढवल्या. त्या पेशी स्वतःच हे प्रथिन बनवत होत्या. त्याआधी १९६४ मध्ये वायबेल आणि पलाडे यांना अस्तराच्या पेशींत लांबट, कांडीसारख्या पिशव्या दिसल्या होत्या. त्यांत काय असते हे तेव्हा माहीत नव्हते. १९८२ मध्ये कळले की हे प्रथिन त्याच पिशव्यांत साठवलेले असते.

शरीरात हे प्रथिन मुख्यतः दोनच ठिकाणी बनते: रक्तवाहिन्यांच्या अस्तरात आणि प्लेटलेट तयार करणाऱ्या पेशींत. त्वचेच्या वरच्या थरात नाही, रंगाच्या पेशींत नाही. म्हणून अनोळखी गाठीच्या पेशींमध्ये ते सापडले, तर ती गाठ रक्तवाहिनीच्या घराण्यातली असण्याचा मोठा पुरावा मिळतो. १९८० मध्ये मुकाई, रोसाई आणि बर्गडॉर्फ यांनी रक्तवाहिन्यांच्या अस्तरात हे प्रथिन रंगवून दाखवले, आणि त्यानंतर अशा गाठी ओळखायला ही पद्धत जगभर वापरात आली.

आता रंग कसा देतात ते पाहू. त्याच मेणाच्या ब्लॉकवरून नवा काप काढतात. त्यावर एक प्रतिपिंड टाकतात. प्रतिपिंड म्हणजे एकाच कुलपाला लागणारी किल्ली. आपल्याला हवे ते प्रथिन असेल तरच ते तिथे चिकटते, नाहीतर धुतल्यावर निघून जाते. पण चिकटलेले प्रतिपिंड डोळ्यांना दिसत नाही. म्हणून त्याला पकडणारे दुसरे प्रतिपिंड टाकतात, आणि त्याला एक विकर, म्हणजे एन्झाइम, जोडलेले असते. शेवटी असे रसायन टाकतात की विकर असेल तिथे ते तपकिरी होते. बाकी केंद्रके फिकट निळी. निळ्या कापावर तपकिरी रंग कुठे उमटला ते पाहायचे. प्रतिपिंडाला चमकणारा रंग जोडायची युक्ती अल्बर्ट कून्स यांनी १९४१ मध्ये काढली, आणि विकर जोडायची नाकाने आणि पिअर्स यांनी १९६६ मध्ये. इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री हे लांबलचक नाव या सगळ्याला आहे. आयएचसी म्हणजे तेच.

बाईंनी आणखी एक गोष्ट दाखवली, ती मला फार आवडली. गाठीच्या कापात आजूबाजूला नेहमीच्या, निरोगी रक्तवाहिन्या असतातच. त्या तपकिरी व्हायलाच हव्यात. त्या झाल्या नाहीत तर तपासणीच फसली समजायचे, मग गाठीबद्दल काहीच बोलायचे नाही. म्हणजे तपासणीची परीक्षा त्याच कापात आधी होते.

मी विचारले, "मग हे एकच प्रथिन पाहिलं की झालं?"

त्या म्हणाल्या, नाही. हे प्रथिन रक्तातही फिरत असते. गाठीत रक्त सांडले असेल तर ते आसपास पसरते आणि नको तिथे तपकिरी रंग दिसतो. दुसरे म्हणजे, पेशी फारच बिघडल्या तर त्या हे प्रथिन बनवणे सोडून देतात. तेव्हा रंग आला नाही म्हणून रक्तवाहिनीची गाठ नाही, असे म्हणता येत नाही. म्हणून आता त्याच्या जोडीला सीडी-३१ आणि ईआरजी या खुणा पाहतात. त्या जास्त वेळा सापडतात. शिवाय त्वचेच्या कर्करोगाची खूण केराटिन आणि मेलानोमाची खूण एस-१०० याही तपासतात. एका साक्षीदारावर निकाल देत नाहीत. चार-पाच जणांची साक्ष घेतात, कोण हो म्हणाले आणि कोण नाही म्हणाले ते एकत्र मांडतात, मग नाव लिहितात. जास्तीचे पैसे लागतात ते या प्रत्येक प्रतिपिंडाचे.

बाहेर आल्यावर भाऊ बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "करूया." मुमानींनी भिशीचे पैसे काढून दिले.

ब्लॉक दुसऱ्या प्रयोगशाळेत द्यायचा होता. अर्ज देऊन आम्ही तो घेतला. प्लास्टिकच्या छोट्या जाळीदार डबीला चिकटलेला मेणाचा तुकडा, काडेपेटीहून लहान. भाऊ तो गाडीच्या डिकीत ठेवायला निघाला, तेवढ्यात तिथल्या माणसाने थांबवले. मे महिना होता. उन्हात मेण वितळले असते. तो त्याने खिशात ठेवला आणि सावलीच्या बाजूला बसून नेला.

नऊ दिवसांनी रिपोर्ट आला. केराटिन नाही. एस-१०० नाही. सीडी-३१ आहे, ईआरजी आहे. व्हॉन विलेब्रँड फॅक्टर काही पेशींत आहे, काहींत नाही. नाव लिहिले होते: अँजिओसार्कोमा.

टाळूवर तो इतका पसरला होता की ऑपरेशन करून सगळा काढता येणार नव्हता. म्हणून दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल नावाचे औषध आणि शेक, म्हणजे रेडिएशन, असा इलाज ठरला. या कर्करोगावर पॅक्लिटॅक्सेलचा गुण येतो, हे डॉक्टरांना माहीत होते. दोन महिन्यांत रक्त थांबले, जखम सुकली. मामू पुन्हा टोपी घालून मशिदीत जाऊ लागले. नातीच्या निकाहात पुढच्या रांगेत बसले. चौदा महिन्यांनी आजार फुप्फुसात उतरला आणि त्यांचा इन्तेकाल झाला.

चाळीसाव्यानंतर भाऊ म्हणाला, "एवढं करून शेवटी तेच झालं ना?" मी त्याला खोटा दिलासा दिला नाही. हा कर्करोग कठीण आहे. नाव कळले म्हणून तो बरा होतोच असे नाही. पण ते चौदा महिने त्यांना मिळाले, आणि उशीवर रक्त न सांडता मिळाले. दुसऱ्याच आजाराचे औषध देऊन आम्ही त्यांना त्रास दिला नाही, हेही खरे आहे. आणि सुरुवातीचे दोन महिने आम्ही गमावले, हेही तितकेच खरे आहे. त्याची टोचणी आजही जात नाही. म्हणून पुढच्या गोष्टी लिहून ठेवते.

एक, शरीरातून काहीही काढले, चामखीळ असो, गाठ असो, साकळलेले रक्त असो, तर "तुकडा तपासायला पाठवणार ना?" असे आधीच विचारा. कचऱ्यात गेलेला तुकडा परत मिळत नाही.

दोन, तुकडा तुमच्या हाती देऊन प्रयोगशाळेत न्यायला सांगितले, तर तो फॉर्मॅलिनमध्येच हवा, आणि फॉर्मॅलिन तुकड्याच्या निदान दहापट. साध्या पाण्यात किंवा सलाइनमध्ये ठेवला तर तो खराब होतो आणि मग कुठलाच रंग नीट चढत नाही. बाटलीवर रुग्णाचे नाव आहे ना, पाहा. उद्यावर टाकू नका, त्याच दिवशी पोहोचवा.

तीन, आयएचसी सांगितली तर घाबरू नका आणि भांडूही नका. डॉक्टरांना एवढेच विचारा: "कोणकोणत्या आजारांतला फरक पाहायचा आहे, आणि त्यावरून इलाज बदलणार आहे का?" उत्तर हो असेल तर ती तपासणी करून घ्या. प्रत्येक गाठीला ती लागते असेही नाही. पैशांची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, त्यांना योजनेत काय बसते ते विचारा.

चार, ब्लॉक आणि काचपट्ट्या रुग्णाच्या कामाच्या असतात. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायचे तर पुन्हा चिरा देण्याऐवजी बहुधा त्याच ब्लॉकवर काम होते. अर्ज देऊन मागा, पोच घ्या, उन्हात ठेवू नका.

पाच, तुकडा काढला की कॅन्सर पसरतो, ही भीती आपल्याकडे घरोघरी आहे. नीट पद्धतीने काढलेल्या तुकड्यात तो धोका फारच कमी असतो. नाव न कळता केलेल्या इलाजाचा धोका त्याहून कितीतरी मोठा.

आणि शेवटचे, घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या टाळूवर, चेहऱ्यावर मार लागल्यासारखा डाग दिसला आणि तीन-चार आठवड्यांत गेला नाही, तर दाखवा. टोपीखाली आणि पदराखाली काय चालले आहे ते कुणालाच दिसत नाही. तेल लावणाऱ्या हातालाच ते आधी कळते.

फोन करणाऱ्या भगिनींना मी हेच सांगितले. त्यांनी तपासणी करून घेतली आहे, रिपोर्ट यायचा आहे. त्यांच्या पतीसाठी दुआ करा.

मुमानी आता पासष्टीच्या पुढे आहेत. इंग्रजी रिपोर्ट त्यांना वाचता येत नाही. पण मोहल्ल्यात कुणाची गाठ काढली असे कळले की त्या तब्येत विचारायला जातात, चहा पितात, आणि उठताना न चुकता विचारतात, "तुकडा तपासायला दिला का?"